बॅलारटचं सॉव्हरिन हिल : सोन्याच्या खाणीचं गाव तिथे आजही चालू ठेवलंय, आपल्या गिरणगावाचं असं काही होईल का?

मेधा_दादर

नमस्कार मंडळी. मेलबर्नला लेकीकडे किंवा मुलाकडे जाऊन राहणारे आईबाबा आता आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि सगळ्यांना ग्रेट ओशन रोड आणि फिलिप आयलंडचे पेंग्विन दाखवून आणतात. ते बघाच, पण माझा आग्रह आहे की एक अख्खा दिवस बॅलारटसाठी ठेवा. मेलबर्नपासून साधारण ११० किमी पश्चिमेला, सदर्न क्रॉस स्टेशनवरून थेट ट्रेन आहे. तिथे सॉव्हरिन हिल नावाचं १८५० च्या दशकातलं सोन्याच्या खाणीचं गाव उभं केलंय. मी मुंबईची, गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरात वाढलेली, त्यामुळे असेल पण हे गाव मला फार आतपर्यंत लागलं.

आधी थोडा इतिहास, नाहीतर तिथे काय बघतोय ते कळत नाही. १८५१ च्या ऑगस्टमध्ये बॅलारटला सोनं सापडलं आणि दोन-तीन वर्षांत जगभरातून माणसं येऊन पडली. सुरुवातीला सोनं ओढ्याच्या गाळात वरच्यावर मिळायचं, घमेल्यासारख्या पसरट पॅनमध्ये माती घ्यायची, पाण्यात घोळवायची, हलकी माती वाहून जाते आणि जड सोनं तळाशी राहतं, एवढ्यावर काम भागायचं. पण ते लवकर संपलं. मग लोकांच्या लक्षात आलं की खरं सोनं जुन्या, गाडल्या गेलेल्या नद्यांच्या पात्रात खोल आहे, म्हणजे आता विहिरीसारखे खड्डे खणायचे, तीस-चाळीस-पन्नास मीटर, चारी बाजूंनी लाकडं लावत लावत, पाणी उपसत, आणि एवढं करून महिनोन्महिने हाताला काहीच लागणार नाही अशीही शक्यता. आणि सरकार मात्र दर महिन्याला ३० शिलिंग लायसन्स फी मागतंय, सोनं सापडो न सापडो! वरून पोलीस येऊन लायसन्स तपासणार, खड्ड्यातल्या माणसाला वर बोलावणार, कागद नसेल तर पकडून नेणार. युरेकाचा उठाव झाला तो यातून. ३ डिसेंबर १८५४ ला पहाटे सैन्याने खाणकामगारांच्या लाकडी तटबंदीवर हल्ला केला, निदान २२ कामगार आणि काही सैनिक मेले. त्यांचा पुढारी पीटर लेलर, त्याचा हात गेला, तोच पुढे आमदार झाला आणि मग विधानसभेचा स्पीकर. मासिक फी रद्द होऊन वर्षाला एक पौंडाचा परवाना आला आणि त्याबरोबर मतदानाचा हक्क.

हे सगळं शाळेच्या पुस्तकासारखं भिंतीवर लिहून ठेवलंय असं नाही. तुम्ही रस्त्यावरून चाललाय आणि समोरून लाल कोटातले शिपाई ढोल वाजवत येतात, बंदुकांचे बार काढतात, कानठळ्या बसतात. ओढ्याकाठी मुलं पॅन घेऊन बसलेली असतात, सापडलं तर ते सोनं तुमचं, कणभर का असेना. शाळेची मुलं तर दोन-दोन दिवस त्या काळचे कपडे घालून त्या काळच्या शाळेत बसतात, पाटी-टाक सगळं.

पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. तिथे यंत्रं चालतात. लाकडं जाळून बॉयलर पेटवलेला असतो, वाफेवर इंजिनं फिरतात, स्टॅम्प बॅटरी म्हणजे लोखंडी मुसळांची रांग सोनं असलेला गारगोटीचा दगड धाडधाड कुटत असते, जमीन हादरते. दगड कुटून त्याची पूड पाण्याबरोबर पाऱ्याने माखलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायची, सोनं पाऱ्याला धरतं, ही पद्धत डोळ्यासमोर समजते. शेजारी चाकं बनवणारे लोक त्या काळच्या यंत्रांवर घोडागाडीची चाकं बनवतायत, मेणबत्त्यावाला मेणबत्त्या ओततोय, एका ठिकाणी हजार अंशांच्या वर तापवलेलं सोनं तुमच्यासमोर साच्यात ओततात आणि त्याची वीट बाहेर काढतात. आणि हे करणारी माणसं नुसती पोशाख घालून उभी नाहीत, त्यांना ते काम येतं. बॉयलरजवळच्या माणसाला मी खूप प्रश्न विचारले, त्याने वाफेचा दाब, लाकडाचा ओलावा, पट्टा कधी घसरतो असं सगळं सांगितलं, आणि सांगताना हात काळेच होते.

इमारत वाचवणं वेगळं आणि काम वाचवणं वेगळं. आपल्याकडे गिरणीची चिमणी राहते, दगडी भिंत राहते, त्यावर दिवे सोडतात, पण आत काय चालायचं ते सांगणारं कोणी नाही. एक योगायोग बघा, युरेका झालं १८५४ ला आणि मुंबईत कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली तीही १८५४ लाच. दोन्ही शहरं त्याच काळात घडली. त्यांनी त्यांचा काळ चालू ठेवलाय. आपण?

ज्यांनी असं खाणीचं गाव कुठेही बघितलंय त्यांनी लिहा, आणि गिरणगावातल्या लोकांनी तर नक्की लिहा.

---

सुलभा_ठाणे

मेधाताई काय सुंदर लिहिलंय. आम्ही एप्रिलमध्ये जातोय मुलाकडे. यांचे गुडघे दुखतात, खाणीत उतरावं लागतं का? आणि शाकाहारी काही मिळतं का, की डबा न्यायचा? थंडी किती असते?

---

अनिकेत_मेलबर्न

लेख आवडला ताई. मी इथे बरीच वर्षं आहे आणि प्रत्येक पाहुण्याला सॉव्हरिन हिलला नेतो, पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हे गाव जुनं नाही. ते १९७० च्या नोव्हेंबरमध्ये लोकांसाठी उघडलं, जुनी चित्रं, नकाशे, फोटो बघून खाणीच्या जुन्या जागेवर नव्याने बांधलेलं आहे. सोन्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांचं बॅलारट दाखवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. ना-नफा संस्था चालवते. खरं बॅलारट शहर बाहेर आहेच, लिडियर्ड स्ट्रीटवर सोन्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या खऱ्या इमारती आहेत, त्या बघायला वेगळा वेळ काढा.

खरोखरचं जुनं आणि दुरुस्त केलेलं गाव बघायचं असेल तर वॉलहॅलाला जा. मेलबर्नच्या पूर्वेला साधारण १८० किमी, एका अरुंद दरीत. १८६२ च्या शेवटी तिथे सोनं सापडलं, नंतर लाँग टनेल, लाँग टनेल एक्स्टेंडेड अशा मोठ्या खाणी झाल्या, आणि शेवटी १९१० ला रेल्वे पोचली तेव्हा खाणी मरायला लागल्या होत्या. रेल्वेचा उपयोग मुख्यतः लोकांची घरं मोडून सामान बाहेर न्यायला झाला! गाव जवळजवळ रिकामं झालं. वीज किती साली आली असेल? १९९८. तोपर्यंत जनरेटर. आज तिथे कायम राहणारी माणसं वीसएक असतील.

मग तिथल्या वेड्या लोकांनी एकेक गोष्ट परत उभी केली. हॉटेल जुन्या नकाशावर पुन्हा बांधलं, रेल्वेचे डोंगराच्या कडेचे लाकडी पूल दुरुस्त केले, आज छोटी गाडी थॉमसन स्टेशनपासून गावापर्यंत जाते. रूळ साधारण अडीच फुटी, आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा थोडे रुंद. दरीत सपाट जागाच नाही म्हणून फायर स्टेशन ओढ्यावर बांधलंय, क्रिकेटचं मैदान डोंगराच्या डोक्यावर आणि स्मशानभूमी इतक्या उतारावर की थडगी एकावर एक पायऱ्यांसारखी. लाँग टनेल एक्स्टेंडेडमध्ये आडव्या बोगद्याने आत नेतात, डोंगराच्या पोटात यंत्रांसाठी कोरलेली एवढी मोठी पोकळी आहे की विश्वास बसत नाही, बॉयलर आत, धूर खडकातून काढलेल्या धुरांड्याने वर. आणि त्या बॉयलरांसाठी आजूबाजूचे डोंगर मैलोन्मैल बोडके केले होते, जुने फोटो लावलेत. आता परत दाट जंगल आहे.

मला स्वतःला वॉलहॅला जास्त भिडतं. तिथे सोंग नाही.

---

मेधा_दादर

@सुलभाताई, भूमिगत खाणीचा दौरा वेगळा असतो, तो नाही केला तरी गाव बघायला दिवस पुरत नाही. पण सगळं गावच टेकडीवर आहे, मुख्य रस्ता चढउताराचा, आणि कच्चा. काकांना चांगले बूट द्या, सकाळी लवकर पोचा आणि बाकांवर बसत बसत बघा, घाई करू नका. खाणीत उतरायचं असेल तर तिकिटाच्या खिडकीवर पायऱ्यांचं आधी विचारून घ्या. शाकाहारी मिळतं, बेकरीत पाय (pie), पेस्ट्री असतात पण नीट विचारून घ्या. मी थालीपीठं नेली होती. बॅलारट मेलबर्नपेक्षा थंड आणि वाऱ्याचं, एप्रिलला स्वेटर हवाच.

@अनिकेत, बरोबर आहे, पुन्हा बांधलेलं आहे हे मुद्दाम सांगायला हवं होतंच आणि तुम्ही नीट सांगितलंत. पण "सोंग" म्हणू नका हो. १९७० ला भिंत नवी बांधली असेल, पण बॉयलर पेटवायची रीत जुनीच आहे आणि ती रीत एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली तरच टिकते. खरी जुनी भिंत आहे आणि आत शुकशुकाट, हे मला कमी वाटतं.

---

खडकवेडा

भूगर्भशास्त्र शिकलोय, नोकरीनिमित्त बऱ्याच खाणींत उतरलोय, त्यामुळे थोडं बोलतो. अशा गावांमध्ये एक गोष्ट जवळजवळ कधीच दाखवत नाहीत आणि ती म्हणजे धूळ. गारगोटीत सिलिका असतो. हाताने पहार-हातोड्याने भोकं पाडायचे तोवर धूळ कमी, पण नंतर हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल मशीनं आली आणि कोरड्या खडकात भोकं पाडताना इतकी बारीक धूळ उडायला लागली की माणसं चाळीशीच्या आत फुफ्फुसं जाऊन मरायला लागली. व्हिक्टोरियातलं (म्हणजे मेलबर्न-बॅलारटच्याच राज्यातलं) दुसरं मोठं सोन्याचं गाव बेंडिगो, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खाणकामगारांच्या फुफ्फुसाचा रोग म्हणजे मोठाच प्रश्न झाला होता, त्यात क्षय मिसळला की घरातली बायकामुलंही. उपाय साधा होता, ड्रिलमधून पाणी सोडायचं, चिखल होतो पण धूळ उडत नाही. तो सगळीकडे पोचायला फार वेळ लागला.

पाऱ्याचंही तेच. पत्र्यावरचं सोनं-पाऱ्याचं मिश्रण खरवडून तापवतात, पारा वाफ होऊन जातो आणि सोनं राहतं. ती वाफ कोण हुंगतं? जुन्या खाणींच्या भागात ओढ्यांच्या गाळात पारा आणि आर्सेनिक आजही सापडतं, सोन्याबरोबर आर्सेनिकचं खनिज खडकातच असतं.

म्हणून मेधाताई, स्टॅम्प बॅटरीचा आवाज ऐकवणं चांगलंच, पण त्या आवाजाजवळ पाळी भरणारा माणूस पुढे ऐकू शकत नव्हता, हेही तिथेच सांगितलं पाहिजे. म्युझियमची परीक्षा मी यावर करतो.

---

परळचा_नितीन

खडकवेडा, हजार टक्के. कापसाच्या धुळीचं अगदी हेच आहे, त्यावर नंतर लिहितो, आत्ता ऑफिसातून टाईप करतोय. धागा वाचनखूण करून ठेवलाय.

---

कुलाबा_पॉइंट

ऑस्ट्रेलिया कशाला, आपल्याकडे कोलार आहे की. आणि कोलारचा मुंबईशी फार जवळचा संबंध आहे जो मुंबईकरांनाच माहीत नसतो.

कोलार गोल्ड फील्ड्स, १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने तिथे आधुनिक खाणकाम चालू केलं. कावेरीवर शिवनसमुद्रला वीजकेंद्र बांधून १९०२ ला खाणींना वीज आणली, जवळजवळ दीडशे किमी तारा ओढून, त्या काळात जगात मोजक्या ठिकाणी एवढ्या लांब वीज जात होती. चॅम्पियन रीफ खाण ३ किमीच्याही खाली गेली. एवढ्या खोलीवर खडकच ६० अंशांच्या वर तापलेला असतो, हवा थंड करून खाली सोडावी लागते, आणि वरच्या दाबाने खडक अचानक फुटतो, त्याला रॉक बर्स्ट म्हणतात, त्यात किती माणसं गेली. काम करणारे बहुतेक तमिळ, उत्तर अर्काटकडून आलेले, वरचे साहेब इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे. तेच कॉर्निश खाणकामगार बॅलारटलाही होते, १८५८ ला तिथे ६९ किलोचा वेलकम नगेट सापडला तो त्यांच्याच टोळीला.

आता मुंबईचं. आमच्या कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी याच खाणीत उपकरणं उतरवली. आकाशातून सतत वैश्विक किरण पडत असतात, त्यांचा गोंगाट इतका की त्यात न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही जवळजवळ न अडता जाणारे अतिसूक्ष्म कण, ओळखू येणं अशक्य. पण दोन किमीपेक्षा जास्त खडक डोक्यावर असला की बाकीचं सगळं अडतं आणि न्यूट्रिनो तेवढे आरपार येतात. १९६५ ला टीआयएफआर, जपानची ओसाका आणि इंग्लंडची डरहॅम युनिव्हर्सिटी यांच्या मिळून केलेल्या प्रयोगात वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल लागली, जगात पहिल्या एक-दोन गटांत आपण होतो. नंतर प्रोटॉन फुटतो का हे बघायचे प्रयोगही तिथेच झाले. ती यंत्रं खाली नेणारे, केबल ओढणारे, पाणी उपसणारे हात मात्र खाणकामगारांचेच.

२८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. आज बंगारपेटहून मारिकुप्पमला लोकल ट्रेन जाते, मध्ये कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी स्टेशनं लागतात, आणि खिडकीतून मातीचे पांढुरके डोंगर दिसतात, सायनाइडने सोनं काढून टाकलेल्या दगडाच्या पुडीचे. शाफ्टवरचे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींवरचे, लोखंडी मनोरे, इंग्रजांचा क्लब, बंगले, सगळं आहे. तिथे सॉव्हरिन हिल का होऊ नये?

---

वाट_चुकलेली

कुलाबा_पॉइंट, माझं सासर बेंगळुरूचं आहे आणि कोलारला जाणं झालंय, म्हणून थोडा विरोध नोंदवते. तिथे माणसं राहतात. खाण बंद झाल्यावर पहाटेच्या ट्रेनने बेंगळुरूला कामाला जाणारे आणि रात्री परत येणारे हजारो लोक आहेत. पत्र्याच्या, दोन खोल्यांच्या मायनर्स लाइन्स अजून भरलेल्या आहेत, वारा सुटला की त्या ढिगाऱ्यांची धूळ घरात. त्यांना आधी पाणी, काम आणि ती धूळ बंद होणं हवंय. बाहेरून कोणी येऊन क्लबची बिल्डिंग रंगवून तिथे हाय-टी ठेवणार असेल आणि त्याला वारसा म्हणणार असेल तर माझा सक्त विरोध. साहेबाचा बंगला आधी दुरुस्त होतो आणि मजुराची खोली कधीच नाही, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय.

बॅलारटला तरी मूळ रहिवासी, ज्यांची ती जमीन होती, वाडावुरुंग लोक, त्यांचं काय दाखवलंय? आणि चिनी लोक?

---

मेधा_दादर

@वाट_चुकलेली, तुमचा प्रश्न फार योग्य आहे. चिनी वस्ती दाखवली आहे, तंबू, देऊळ, आणि जाचाची गोष्टही. १८५५ ला व्हिक्टोरियाने प्रत्येक चिनी माणसावर उतरताना दहा पौंडांचा कर लावला, म्हणून जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या बंदरावर माणसं उतरवायला लागली आणि तिथून ती शेकडो किलोमीटर चालत खाणींवर यायची, खांद्यावर कावड, एका मागे एक. वाटेत १८५७ ला त्यांनाच अराराटचं सोनं सापडलं. वाडावुरुंगांबद्दलही आता बरंच सांगतात, कातड्याच्या पांघरुणांचा खाणवाल्यांशी व्यापार, वाटा दाखवणं वगैरे, पण गावाच्या गलबल्यात ते बाजूला पडतं हे खरं. माझ्या नातीने विचारलं की आधी इथे कोण राहायचं, तर उत्तर शोधायला चालत जावं लागलं. ते प्रवेशदारातच असायला हवं.

मजुराची खोली आधी, हे मला शंभर टक्के पटतं. सॉव्हरिन हिलला हेच बरं आहे की तिथे साहेबाचा बंगला मध्यभागी नाहीच, मध्यभागी ओढा, तंबू आणि खड्डे आहेत.

---

वऱ्हाडी_माणूस

आमच्या नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सने कोळशाच्या भूमिगत खाणीत पर्यटकांना न्यायचं काम एमटीडीसीबरोबर सुरू केलं होतं, वर इको पार्क बी आहे. जायच्या आधी चौकशी करून घ्या. टोपी, दिवा देऊन खाली नेतात. मुंबईच्या लोकांनी एकदा विदर्भात येऊन बघावं की तुमच्या पंख्याची वीज कुठून येते.

---

जपानकर_प्राजक्ता

इवामी गिंझानबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जपानच्या शिमाने भागात, चांदीची खाण. १५२६ पासून काम चालू झालं, १५३३ ला कोरियाकडून आलेली शिशातून चांदी वेगळी करायची पद्धत वापरायला लागले आणि मग एवढी चांदी निघाली की पोर्तुगीजांच्या नकाशांवर हा भाग चांदीचा म्हणून दाखवलाय. १९२३ ला बंद, २००७ ला युनेस्कोच्या यादीत.

तिथली गंमत अशी की तिथे कोणी पोशाख घालून फिरत नाही. ओमोरी गावात लोक राहतात, शाळा आहे, बेकरी आहे, एकेक लाकडी घर गावकऱ्यांनी आणि तिथल्या छोट्या कंपन्यांनी हळूहळू दुरुस्त केलंय. खाणीकडे चालत जायचं, जंगलातून, मोठ्या बस आत सोडत नाहीत. र्‍युगेन्जी माबू नावाच्या बोगद्यात आत जाता येतं, भिंतीवर छिन्नीचे घाव जसेच्या तसे, हात फिरवून बघितले मी. आणि ओढ्यापलीकडे गुहेत पाचशे दगडी मूर्ती, खाणीत गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी कोरलेल्या, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, कोणी हसतंय, कोणी मान वळवून बघतंय, लोक तिथे आपल्या माणसाचा चेहरा शोधतात असं म्हणतात.

वाट_चुकलेली म्हणतात तसं, माणसं तिथेच राहून गाव जपता येतं, याचं हे उदाहरण आहे.

---

अनिकेत_मेलबर्न

@जपानकर मस्त माहिती. कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणीचं ओस गाव बोडी म्हणजे तर अजून तिसरीच तऱ्हा. १९६२ पासून सरकारी पार्क आहे पण दुरुस्ती अशी करतच नाहीत, फक्त पडू देत नाहीत. छप्पर गळू नये, भिंत कोसळू नये एवढंच. खिडकीतून बघितलं तर टेबलावरच्या बाटल्या, फळ्यावरचं लिहिलेलं, सगळं धुळीत तसंच. आणि कॅनडाचं बार्करविल, १८६२ चं, १८६८ ला आगीत जवळजवळ सगळं जळलं, परत बांधलं, आणि १९५८ पासून ते सरकारने जपायला घेतलं, शंभराच्या वर जुन्या इमारती, चायनाटाऊन सकट. म्हणजे नवं बांधणं, जुनं दुरुस्त करणं आणि आहे तसं धरून ठेवणं अशा तिन्ही वाटा आहेत. गिरणगावासाठी कुठली?

---

परळचा_नितीन

आता निवांत लिहितो.

माझे वडील परळच्या गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, होते, १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, डॉक्टर दत्ता सामंतांचा संप, तो मागे घेतला असं अधिकृतपणे कोणी कधी सांगितलंच नाही. आता तिथल्या चिमणीखाली मॉल आहेत. काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या २-३ नंबर गिरणीच्या जागेवर कापड उद्योगाचं म्युझियम करायचं ठरलेलं आहे, तलाव आणि भिंतीवरची चित्रं झाली आहेत. माझं म्हणणं, चित्रं चांगली आहेत पण मेधाताई म्हणतात तसं साचा, म्हणजे कापड विणायचा माग, चालला पाहिजे. एक साचा, एक सूत कातायची रिंग फ्रेम, एक कापूस पिंजायचं कार्डिंग मशीन, बस. रोज दोन तास चालवा. त्या हॉलमध्ये शेजारच्याशी बोलता येत नव्हतं म्हणून माणसं हाताने आणि ओठांवरून बोलायची, ते पोरांना कळू दे.

वडिलांना काल हा धागा वाचून दाखवला. ते आता बयाऐंशीचे आहेत. खाणीच्या धुळीचं ऐकल्यावर लगेच बोलायला लागले. म्हणाले सोमवारी छाती जड व्हायची. रविवारी सुट्टी, हवा बरी, आणि सोमवारी खात्यात पाय टाकला की श्वास अडकायचा, मग आठवड्यात जरा बरं वाटायचं. हे मी नंतर वाचलं, कापसाच्या धुळीच्या रोगाचं, बायसिनोसिसचं, तेच लक्षण आहे, सोमवारी जास्त त्रास. त्यांनी कुठे वाचलेलं नाही, ते सरळ आपलं सांगत होते. आणि खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे, पाण्याचे फवारे, कारण सूत कोरडं पडलं की तुटतं. गरम, दमट, कापूस उडतोय, आणि तुटलेलं सूत चालत्या चात्यावर बोटाने अडवून परत जोडायचं. मी म्हटलं कसं, तर त्यांनी माझ्या बायकोच्या शिवणाच्या रिळाचा दोरा घेतला आणि दोन बोटांत पीळ देऊन जोडून दाखवला, गाठ नाही काही नाही, ओढला तरी सुटेना. चाळीस वर्षं झाली त्या कामाला हात लावून.

हे कोण शिकून घेणार? खडकवेडा, तुम्ही म्हणता तसं धूळही सांगायची आणि हेही. आणि वाट_चुकलेली यांचा मुद्दा, मालकाची केबिन नको, चाळीतली खोली हवी, जिथे तीन पाळ्यांची माणसं एकाच जागेवर आळीपाळीने झोपायची, आणि खानावळ हवी. खानावळ चालवणाऱ्या बायकांशिवाय गिरणगाव एक दिवस चाललं नसतं, संपात किती जणींनी उधारीवर जेवण घातलं.

---

सुलभा_ठाणे

नितीन, माझी आत्या वाइंडिंग खात्यात होती! तिला सगळं आठवतं, मुकादमाचं नाव, बदलीवाल्यांची (गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतलेल्यांची) सकाळची रांग, सगळं. तिला विचारून लिहू का इथे?

---

मेधा_दादर

सुलभाताई, विचारताय काय, लिहाच. आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, व्हिडिओ, हात दिसतील असा. नुसतं "कसं होतं तेव्हा" असं विचारू नका, मशीनबद्दल विचारा, कुठला खटका कुठे, पाळी संपताना काय करायचं, पगार कुठल्या खिडकीवर, काय दुखायचं. बॅलारटच्या बॉयलरवाल्याला मी असंच विचारत गेले तेव्हा तो खुलला.

नितीन, बाबांना माझा नमस्कार सांगा. ते जोडण्याचं व्हिडिओवर घ्या, जवळून, हळू, दोन-तीन वेळा. काळाचौकीच्या म्युझियमवाल्यांना आपण सगळ्यांनी मिळून एक पत्र लिहू, चालता साचा ठेवा आणि तो चालवायला जुन्या कामगारांकडून तरुण पोरांना शिकवून घ्या, पगार देऊन. मसुदा मी आज रात्री इथे टाकते, दुरुस्त्या सुचवा.

---

खडकवेडा

पत्रात धुळीचा आणि आवाजाचा मुद्दा घाला. यंत्र चालवणाऱ्या पोरांना मास्क आणि कानाला संरक्षण हवं, आणि ते का लागतं हे तिथेच बोर्डावर लिहायचं. त्याचा परिच्छेद मी लिहून देतो.

---

परळचा_नितीन

व्हिडिओ रविवारी करतो. बाबा विचारतायत की बॅलारटचा बॉयलर कोळशावर का नाही, लाकडावर का?

---

अनिकेत_मेलबर्न

काकांना सांगा, त्या भागात तेव्हा जंगल हाताशी होतं आणि कोळसा लांब होता. लाकूड तोडायला, वाहायला वेगळी माणसं, जंगलात वेगळे रूळ. म्हणूनच ते डोंगर बोडके झाले. पुढच्या वेळी गेलो की बॉयलरवाल्याकडून एका पाळीला किती लाकूड लागतं ते विचारून इथे टाकतो.